ओळखीच्या हातचं दूध

आधी स्वतःच्या तळहातावर दुधाची धार घ्यायची, ती घोटभर पिऊन टाकायची, हात पदराला पुसायचा आणि मगच समोरच्या पातेल्यात माप ओतायचं. दार कुणाचंही असो, हे ठरलेलं. "म्या पेलं, आता तुमी प्या," एवढंच आमची दूधवाली मावशी म्हणायची आणि पुढच्या दाराकडे वळायची.

दूधवाले तुम्हीही पाहिले असतील. पाण्याचा थेंब नाही म्हणून गळ्याला हात लावणारे आणि नेमके त्याच वेळी जमिनीकडे बघणारे. या मावशीनं कधी शपथ घेतली नाही. कुणी नवखी बाई उगाच दूध बोटावर घेऊन ताणून बघू लागली, तर मावशी कमरेवर हात ठेवून तिचं सगळं बघणं होईपर्यंत उभी राहायची. मग म्हणायची, "झालं का लेकी? का म्हैसच आनू दारात?"

आमची कॉलनी स्टेशनाकडच्या कारखान्यांच्या मागं होती. मी फिटर होतो. कॉलनीतली सगळीच माणसं नोकरीसाठी कुठून कुठून आलेली, कुणाचं मूळ कुणाला ठाऊक नाही. मावशी गंगापूर रस्त्यावरच्या एका गावाहून पहिल्या एसटीनं यायची. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडून ऐकूनच बायकांनी पातेली विसळायला घ्यावीत. तिच्या किटल्या सीटखाली नीट बसल्याशिवाय कंडक्टरनं घंटी मारली की त्याची काही खैर नसे.

दोन म्हशी होत्या तिच्याकडे, चंद्री आणि मोरी. नवरा कधीच गेलेला, मुलगी नांदायला गेलेली. गावाच्या गायरानातला एक तुकडा ती कसायची. त्यात शेणखताशिवाय काही पडत नसे. दुधाबरोबर कधी अंबाडी यायची, कधी मुगाच्या शेंगा, थंडीत पदराच्या गाठीत बांधलेला हुरडा. म्हैस व्याली की चिकाचं दूध पोरंबाळं असलेल्या घरात आधी जायचं. आमच्या स्वयंपाकघरात डालड्याचा डबा दिसला तेव्हा तिनं तो उघडून नाकाशी धरला. "ह्याला वासच नाय. मंग जीव कुठून येनार ह्याच्यात?" बायकोनं तो डबा पुढं रॉकेलसाठी वापरला.

कॉलनीला तिचं फार कौतुक होतं. सगळ्यांत जास्त इंजिनिअरसाहेबांना. कोपऱ्यातल्या बंगलीत राहायचे, खाण्यापिण्याबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि ती ऐकवायला त्यांना रविवार पुरत नसे. गिरणीचं पीठ नको, जात्यावरचं हवं. बाजारातलं नको, जवळच्या शेतातलं हवं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, असं म्हणून ते बोट वर करायचे, "माणसानं ओळखीच्या हातचं खावं." पाहुणे आले की मावशीला थांबवून घ्यायचे. "बघा, आमच्या दूधवाल्या बाई आधी स्वतः पितात. अशी खात्री कुठली डेअरी देईल?" मावशी मुकाट तळहातावर धार घ्यायची. परतताना आमच्या दारात म्हणायची, "सायबाच्या पाव्हन्यापायी माझंच दूध सरतंय."

तिची जात कॉलनीत कुणी विचारली नव्हती. दूध घालते म्हणजे गवळ्याची असणार, असा सगळ्यांनी परस्पर हिशेब लावून टाकला होता. माझ्या बायकोनं मात्र पहिल्याच आठवड्यात सहज विचारलं, "मावशी, तुम्ही गवळी का?"

"नाय लेकी. आमी बौद्ध हाव."

आम्ही धनगर. गावी माझ्या आईनं त्यांच्या वस्तीतलं पाणीसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. बायकोनं क्षणभर पातेलं छातीशी धरून ठेवलं. घरात दीड वर्षाचं पोर दुधासाठी रडत होतं. तिनं पातेलं पुढं केलं. मावशीनं हे सगळं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून माप ओतलं. त्या दिवशी माप जरा वरचढच पडलं.

पुढं एकदा मीच विचारलं, की गावातच डेअरीचं केंद्र असताना एवढ्या लांब कशाला येता?

"गावात माझं दूध कोन घेतंय, भाऊ? केंद्रावरचा मानूस म्हनतो, तुझं ह्या क्यानीत वतलं तर बाकीचे आपलं घिऊन जातील. हितं बरं हाय. हितं कोन इचारतंय?"

ती हे हसत म्हणाली होती. मला ते हसणं तेव्हाही नको वाटलं.

रतीब घालणाऱ्यांचा एक रिवाज असतो. ज्या दिवशी दूध येणार नाही, त्या दिवसाला खाडा म्हणतात. बहुतेकजण न सांगताच खाडा करतात आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्या नातेवाइकाचं नाव सांगतात. मावशी आदल्या दिवशी दारोदार सांगायची, कारणासकट. मुलीच्या बाळंतपणाला जायचं असेल तर मुलीच्या बाळंतपणाला. म्हैस हगवणीनं बसली असेल तर तेच, नको तितक्या तपशिलात. "रतीब हाय. खाड्याचं खरं सांगावं लागतं," असं तिचं म्हणणं.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून तेव्हा शहर तापलं होतं. औरंगपुऱ्यातल्या दुकानांच्या फळ्यांवर, कंपनीच्या कँटीनमध्ये, दुसरा विषय नव्हता. कँटीनमध्ये तर कालपर्यंत एका डब्यातून खाणारे अचानक वेगवेगळ्या बाकांवर बसू लागले. अशात एका सकाळी मावशी दारोदार सांगत निघाली, "उद्या खाडा हाय बरं का. मोर्चाला जायाचंय. विद्यापीठाला बाबासायबाचं नाव पायजे."

इंजिनिअरसाहेबांच्या दारातही तिनं हेच सांगितलं, त्याच मोठ्या आवाजात. मी सायकल काढत होतो. साहेबांच्या बायकोच्या हातात भरलेलं पातेलं होतं. ते आत न्यावं की खाली ठेवावं हे तिला कळेना. शेवटी तिनं ते पायरीवर ठेवलं आणि नळाखाली हात धुतले. संध्याकाळपर्यंत ते दूध तिथंच होतं. मग मांजरानं सांडलं.

खाडा एक दिवसाचा. तिसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा निम्म्या दारांत पातेलं नव्हतं. आठवडाभरात उरलेलीही मिटली. तिला जातीचं एक अक्षर कुणी बोललं नाही. कॉलनी शिकलेली होती. पोरांच्या पोटाला गाईचं बरं, असं एकीनं सांगितलं. दुसरीच्या नवऱ्याचं पित्त वाढलं होतं. साहेबांनी बोट वर करून समजावलं, की उघड्या किटलीत जंतू असतात, दूध शास्त्रीय पद्धतीनं तापवलेलंच प्यावं, आणि ते तळहातावर घेऊन पिणं वगैरे आरोग्याच्या दृष्टीनं योग्य नाही. सगळ्यांनी शहरातल्या सरकारी दूध केंद्रावर कार्डं काढली. दारोदार डेअरीच्या बाटल्या दिसू लागल्या. त्यांची चंदेरी झाकणं पोरं चेंडूसारखी वळून खेळायची.

मला राग आला होता आणि तो काढायला ती एकटीच समोर होती. "ताप आला म्हणायचं होतं ना, मावशी! कुणी नाडी बघायला आलं असतं का?"

"तापाचं नाव कामून घिऊ? ताप कुठं व्हता मला?"

"मग आता कुणाला घालणार दूध?"

"तुमाला," ती म्हणाली, आणि आमच्या पातेल्यात ओतून भरलेल्या किटल्या घेऊन स्टँडकडे गेली.

थोडे दिवस तिनं कंपनीच्या गेटसमोरच्या हॉटेलवाल्याला दूध दिलं. तो तिच्या देखत त्यात पाणी आणि पावडर कालवायचा. तिला ते सोसेना. "माझ्या म्हशीचं तोंड बघवंना मला," म्हणाली आणि तेही सोडलं. मग फक्त आमच्या एका पातेल्यासाठी ती एसटीनं यायची. तिकीटसुद्धा सुटत नसणार. बायको म्हणाली, मावशी, नका येऊ. त्यावर तिनं बायकोकडे असं पाहिलं की पुन्हा हा विषय निघाला नाही. म्हशी आहेत तोवर मी गावात ताठ आहे, नाहीतर दुसऱ्याच्या बांधावर खुरपं घेऊन बसावं लागेल, असं ती म्हणायची. ती भीती तिला भुकेपेक्षा मोठी होती.

एका सकाळी ती आली नाही. खाडा सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही. मग बातम्या यायला लागल्या, विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव बौद्धांच्या वस्त्या पेटवल्याच्या. एसटी बंद होत्या. सुरू झाल्या तशी बायकोनं मला पाठवलं.

वस्तीत भिंती होत्या, वर काही नव्हतं. कडब्याची गंज जळून गेली होती आणि तिच्या शेजारी दोन मोठे काळे ढीग होते. त्यांच्याकडे मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. मावशी शाळेच्या व्हरांड्यात बाकीच्या बायांबरोबर बसली होती. मला बघून उठली नाही. बसूनच म्हणाली, "दावी सोडाया धावले. मला धरून ठिवलं आपल्याच मान्सांनी. सोडलंच नाय." आणि मग, त्या मोठ्या आवाजाचा मागमूस नसलेल्या आवाजात, "म्हशीनी कुठं नाव मागितलं व्हतं, भाऊ?"

 

मग ती शहरात आली. स्टेशनापलीकडच्या झोपड्यांत बहिणीकडे राहायची आणि विटा वाहायची. त्या दिवसांत गंगापूर रस्त्याला कारखान्यांची रांग लागत होती, बांधकामांना माणसं पुरत नव्हती. अधूनमधून आमच्याकडे यायची. बायको चहा ठेवायची. मावशी सांगायची, कोरा कर. बाटलीतलं दूध ती पीत नसे.

"का, मावशी? चांगलं असतं," मी मुद्दाम चिडवायचो.

"वाईट हाय म्हनत नाय म्या. पर कुणाच्या म्हशीचं हाय त्ये कळत नाय." आणि वर, "कळत नाय म्हून तर समदे पितात."

तिला पुन्हा म्हैस घ्यायची होती. घेऊन गावाकडे जायचं होतं. दुसरं बोलणंच नव्हतं. मी चिडायचो. ज्या गावानं जाळलं त्याच गावात कशाला? इथं म्हशी पाळणारे आहेत, त्यांच्यात कुठंतरी सोय करू.

"माझं गाव हाय त्ये," ती म्हणायची. "त्यांचं एकट्याचं हाय व्हय?"

अशी वर्षं गेली. पोर आमचं शाळेत जाऊ लागलं. आणि एका दुपारी मावशी आली ती जुन्या आवाजात, गल्लीच्या तोंडापासून बायकोला हाका मारत. म्हैस घेतली होती. गाभण. कपाळावर पांढरा ठिपका, शिंगं अशी वळलेली. हातानं शिंगं काढून दाखवता दाखवता तिनं आमच्या कपाटावरचा आरसा पाडला आणि त्याचंही तिला काही वाटलं नाही. "उद्या गावाला निगाले. व्याली की रतीब चालू करते. पातेलं घासून ठिव लेकी." बायकोनं खरंच ठेवलं. निराळं, स्टीलचं, नवं.

मावशी आली नाही. म्हैस विते तो काळ गेला, त्यानंतरही बरेच महिने गेले. बहिणीची झोपडीही तोवर तिथून हलली होती, विचारायला कुणी नव्हतं. विद्यापीठाला नाव लागलं ते पुढं कित्येक वर्षांनी. त्या दिवशी गेटासमोरच्या गर्दीत मी निळं लुगडं नेसलेल्या प्रत्येक म्हातारीच्या तोंडाकडे बघत फिरलो. पण ते फार नंतरचं. त्याआधी, ते नवं पातेलं नुसतंच फळीवर बघवेना म्हणून मी एकदा तिच्या गावाला गेलो.

गाव ओळखू येईना. जिथं गायरान होतं तिथं उंच भिंत उभी होती आणि भिंतीच्या आत कारखाना. वस्ती रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला सरकवलेली, नवी माणसं, भाड्याच्या खोल्या. फाट्यावर एक चहाचं हॉटेल होतं. मालक गावातलाच, धोतरवाला, बोलका माणूस. मी मावशीचं वर्णन केलं.

"व्हय, आली व्हती की," तो म्हणाला. "म्हैस घिऊन. बांधायला जागा बघत व्हती. गायरान तर समदं गेलं कंपनीत. तिला कुनी सांगितलंच नव्हतं जनू. त्या भिंतीच्या कडंला बसली म्हैस धरून. दोन दिस बसली. कुनाकुनाच्या दारात जाऊन आली, पर कोन देतंय गोठ्यात जागा?"

"मग?"

"मग काय. जनावर उपाशी मारायचं का? इकली आन् गेली."

"कुठं?"

"काय की. बोलली नाय कुनासंगं."

मी म्हैस कुणी घेतली ते विचारलं. तो खुशीत हसला. म्यानंच, म्हणाला. लई गुणाची निघाली. व्याली बी इथंच. आता निम्मं गाव तिचंच दूध नेतं, देवळातसुद्धा जातं. त्यानं हॉटेलामागं बोट दाखवलं. पत्र्याच्या सावलीत ती उभी होती, कपाळावर पांढरा ठिपका, शिंगं मावशीनं हातांनी काढून दाखवली होती अगदी तशी.

"पानी न्हाय घालत आपुन," तो म्हणाला आणि माझ्यापुढं कप ठेवला. "प्या. तिच्याच म्हशीचा हाय."

चहा चांगला होता. त्या गावानं तिच्या म्हशीचं दूध शेवटी घरात घेतलं होतं. फक्त ते घालायला ती नव्हती.