डिफर्ड म्हणजे नक्की काय?

"मिस, आय गॉट डिफर्ड. इज दॅट गुड, लाइक?"

मुग्धा सरनाईक माझ्या ऑफिसच्या दारात उभी होती. एका हातात फोन, खांद्यावर पीईची बॅग. तास बदलल्याची बेल होऊन गेली होती. नाताळच्या सुट्टीला दोन दिवस राहिले होते आणि माझ्या टेबलावर सह्या करायच्या फॉर्म्सचा ढीग होता.

मी मान वर केली आणि म्हणाले, "गुड काय विचारतेस? अगं, अभिनंदन! जागा मिळाली तुला. फक्त एक वर्ष उशिरा जायचं."

"पण एक वर्ष उशिरा का?"

"या वर्षीच्या जागा भरल्या असतील."

हे मी अगदी खात्रीने सांगितलं. ते अगदी चुकीचं होतं.

आधी माझं काम सांगते. पोर्टलीशजवळच्या एका मुलींच्या शाळेत मी गाइडन्स कौन्सेलर आहे. त्याआधी पुण्यात ज्युनियर कॉलेजला गणित शिकवायचे. नवऱ्याची नोकरी आयर्लंडला आली, मागोमाग मी आले, इथला डिप्लोमा केला आणि या खुर्चीत बसले. शेवटच्या वर्षाच्या मुलींना पुढे काय शिकायचं, कुठे शिकायचं, अर्ज कसा भरायचा हे सांगणं हे माझं मुख्य काम.

इथली पद्धत सरळ आहे. सगळ्या कॉलेजांसाठी एकच सेंट्रल अर्ज. त्यात आवडीच्या क्रमाने कोर्स लिहायचे. जूनमध्ये परीक्षा, तिच्या मार्कांचे होतात पॉइंट्स आणि पॉइंट्सवर जागा. मिळालेली जागा लगेच नको असेल, वर्षभर नोकरी किंवा प्रवास करायचा असेल, तर कॉलेजला सांगून ती पुढच्या वर्षावर टाकता येते. याला म्हणतात डिफरल. म्हणजे जागा तुमची, फक्त वर्षभराने. दरवर्षी माझ्या चार-दोन मुली डिफर करतात. त्यामुळे हा शब्द कानावर पडला की माझ्या तोंडून अभिनंदनच निघतं.

मुग्धाचा अर्ज मात्र अमेरिकेतल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीला होता. आमच्या शाळेतून तिकडे अर्ज करणारी ती पहिलीच. हे तिने मला सप्टेंबरमध्ये सांगितलं तेव्हा मी "नक्की करू" म्हणाले आणि घरी जाऊन शोधाशोध केली. तिकडे अर्ली अर्ज असा एक प्रकार असतो. बाकीच्यांच्या दोन महिने आधी अर्ज टाकायचा आणि डिसेंबरात उत्तर घ्यायचं. उत्तर हो किंवा नाही, असं मी समजून चालले होते. तिसरं उत्तर असतं हे कुठेतरी वाचलं असेलही. लक्षात राहिलं नव्हतं.

त्याच दुपारी मुग्धाच्या वडिलांचा फोन आला. प्रशांत सरनाईक मूळचे नागपूरचे. इथे एका औषध कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. आमची गणपतीतली ओळख, त्यामुळे ते मला ताई म्हणतात.

"ताई, मुग्धा म्हणते झालं. पण मी मेल वाचला. त्यात अ‍ॅडमिशन दिली असं कुठे दिसत नाही हो."

"अहो, त्यांची भाषा तशीच गोल गोल असते."

"नक्की ना? तिचे अजून दोन अमेरिकन युनिव्हर्सिट्यांचे अर्ज तयार आहेत. जानेवारीच्या सुरुवातीला टाकायचे होते."

"आता कशाला? सुट्टी मजेत घालवा."

मी मेल मागितला नाही. वाचला नाही. त्या एका फोनवर सरनाईकांनी दोनदा शंका काढली होती आणि दोन्ही वेळा मी ती उडवून लावली होती.

आमची प्रिन्सिपल ब्रीडा. तिला कोणीतरी ही बातमी सांगितली. ती कॉरिडॉरमध्ये मला थांबवून म्हणाली, "अमेरिका! आपल्या शाळेतून! ग्रँड!" दुसऱ्या दिवशी सकाळी दारातल्या मोठ्या स्क्रीनवर मुग्धाचा फोटो होता आणि खाली अभिनंदन. सरनाईकवहिनींनी डबाभर पेढे पाठवले. स्टाफरूममध्ये ते एका ब्रेकमध्ये संपले.

जानेवारीत शाळा उघडली. पहिल्याच दिवशी अमेरिकन पोर्टलवरून मला एक मेल आला. मुग्धाचा मिडइयर रिपोर्ट पाठवा. म्हणजे शेवटच्या वर्षातले आतापर्यंतचे मार्क.

मला वाटलं, मशीनने पाठवला असेल. मग वाटलं, प्रवेश दिलेल्या मुलांचे मार्कही बघत असतील. मग कुठेतरी टोचायला लागलं. मी मुग्धाला तिचं डिसेंबरचं पत्र फॉरवर्ड करायला सांगितलं.

पत्र तीन परिच्छेदांचं होतं. मधल्यात लिहिलं होतं की तुमच्या अर्जावरचा निर्णय आम्ही पुढे ढकलला आहे, बाकीच्या सर्व अर्जांसोबत त्याचा पुन्हा विचार होईल.

जागा पुढे ढकलली नव्हती. निर्णय पुढे ढकलला होता. शब्द एकच.

मी ते चार वेळा वाचलं. तरी विश्वास बसेना, म्हणून दुपारी तिकडची ऑफिसं उघडल्यावर फोन लावला. एका सौजन्यशील बाईंनी उचलला.

"डिफर्ड म्हणजे नाही का?" मी विचारलं.

"तसं नाही. आम्ही नाही म्हटलेलं नाही."

"मग हो व्हायची शक्यता आहे?"

"तेही आम्ही म्हटलेलं नाही."

"तिच्या अर्जात काही कमी होतं का?"

"ते मी सांगू शकत नाही."

"आता तिने काय करावं?"

"नवीन काही असेल तर कळवावं. नसेल तर वाट बघावी."

मी आभार मानले. फोन ठेवल्यावर फोनच्या आधीपेक्षा मला कमी समजलं होतं. एक गोष्ट मात्र कॅलेंडरवर स्वच्छ दिसत होती. त्या दोन अर्जांच्या तारखा सुट्टीत उलटून गेल्या होत्या.

मुग्धाला मी शेवटच्या तासाला बोलावलं. पत्र स्क्रीनवर उघडून ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. ती आधी हसली. मला वाटलं समजलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. मग तिचं हसू थांबलं.

"सो आय'म नॉट इन?"

"नाही. पण आउटही नाही."

"देन व्हॉट अ‍ॅम आय?"

ती स्क्रीनवरचं पत्र वाचत राहिली. मग मान न वळवता म्हणाली, "यू डिडन्ट इव्हन रीड इट, मिस."

"नाही वाचलं."

तिने बॅग उचलली आणि गेली. मी ब्रीडाकडे जाऊन स्क्रीनवरचा फोटो काढून टाकायला सांगितला.

"पण तिला मिळालंय ना?"

"नाही."

"मग नाकारलंय?"

"नाही."

"मग फोटोखाली लिहू तरी काय?"

"काही लिहू नकोस. काढ."

संध्याकाळी सरनाईक शाळेत आले. कारखान्यातून थेट, गळ्यात अजून आयकार्ड. ते नेहमी स्वच्छ पुणेरी धाटणीचं मराठी बोलतात. त्या दिवशी थेट नागपुरी निघाली.

"काय बोलून राहिल्या मॅडम तुम्ही? मी दोनदा विचारलं तुम्हाला."

"विचारलंत. मी न वाचता उत्तर दिलं. चूक माझी आहे."

मॅडम हा शब्द मला लागला. सफाई द्यायला माझ्याकडे बरंच होतं. इथे या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, पहिलीच केस होती, सुट्टीची गडबड होती. मी त्यातलं काहीच बोलले नाही. त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मग म्हणाले, "आमच्याकडे बॅच बिघडली की आधी बघतात अजून काय वाचवता येईल. कोणी बिघडवली ते नंतर. काय उरलंय?"

उरलं होतं ते असं. इथल्या सेंट्रल अर्जाची मुदत अजून तीन आठवडे होती. तो मुग्धाने उघडलासुद्धा नव्हता. अमेरिकेतल्या आणखी एका युनिव्हर्सिटीची मुदत महिन्याच्या मध्यात होती. आणि हा अर्धवट लटकलेला अर्ज.

पहिलं काम सेंट्रल अर्ज. दोन दिवस माझ्याशी न बोललेली मुग्धा तिसऱ्या दिवशी आली. आम्ही कोर्सची यादी केली. लिमरिकच्या युनिव्हर्सिटीतलं पर्यावरण विज्ञान तिने सगळ्यात वर लिहिलं. महिन्याच्या मध्यात मुदत असलेल्या त्या युनिव्हर्सिटीबद्दल मी विचारलं. तिने तोंड वाकडं केलं. "आय डोन्ट इव्हन लाइक दॅट वन, मिस." तो विषय तिथे संपला.

दुसरं काम मिडइयर रिपोर्ट. यात आणखी गोंधळ. फॉर्ममध्ये रकाना होता, वर्गात कितवा नंबर. आमच्या शाळेत नंबर काढत नाहीत. दुसरा रकाना, सहामाहीचे अधिकृत मार्क. आमच्याकडे जूनच्या परीक्षेआधी अधिकृत असं काही नसतं. फेब्रुवारीत मॉक्स होतात, म्हणजे सराव परीक्षा, आणि रिपोर्ट तर त्याआधी हवा होता. मी नाताळच्या चाचणीचे मार्क लिहिले आणि हे मार्क काय आहेत, काय नाहीत, ते सांगणारं पानभर पत्र जोडलं. ते पत्र वाचून ब्रीडा म्हणाली, "हे वाचल्यावर मला आपलीच पद्धत कळेनाशी झाली."

तिसरं काम मुग्धाचं स्वतःचं पत्र. डिफर झालेल्या मुलांनी पाठवायचं असतं. मला अजून तुमच्याकडेच यायचं आहे, आणि अर्जानंतर हे हे नवीन घडलं, असं. सरनाईकांनी त्यासाठी जोरदार तयारी केली. कारखान्याच्या डायरेक्टरचं शिफारसपत्र, हॉस्पिटलमधल्या एका डॉक्टरांचं, संस्कृत श्लोकांच्या स्पर्धेचं जुनं सर्टिफिकेट. मी तिकडे पुन्हा फोन केला. त्याच बाई. एक पान पुरे, म्हणाल्या.

एका पानात लिहायचं काय? मुग्धा शनिवारी गावाबाहेरच्या बॉगवर जाते. बॉग म्हणजे दलदलीची जमीन. इथले लोक पिढ्यान् पिढ्या तिथली माती कापून, वाळवून सरपणासारखी जाळत आले. आता काही ठिकाणी पुन्हा पाणी साठू देतात. मुग्धाने तिथे सहा प्लास्टिकच्या नळ्या रोवल्या होत्या आणि पाण्याची पातळी मोजत होती. अर्जात तिने याबद्दल लिहिलं होतं. नोव्हेंबरनंतर घडलं ते एवढंच की शेजारच्या शेतातल्या गाई आत शिरल्या, चार नळ्या पडल्या आणि सात आठवड्यांचे आकडे वाया गेले. तिने नळ्या पुन्हा रोवल्या, भोवती तार लावली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

तिने तेच लिहिलं.

"अपयश कशाला कळवायचं?" सरनाईक म्हणाले. "गाई गाळून टाक."

"बाबा, दॅट्स व्हॉट हॅपन्ड."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. डिसेंबर असता तर मी लगेच ठाम उत्तर दिलं असतं. पत्र मी दोनदा वाचलं. गाईंमुळे ते कमजोर होतंय की खरं वाटतंय, ते मला खरोखर ठरवता येईना.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "पत्र मुग्धाचं आहे. तिने ठरवावं."

गाई राहिल्या. पत्र गेलं.

मग दोन महिने काहीच नाही. सरनाईक दर आठवड्याला विचारायचे, काही कळलं का? नाही. लक्षण चांगलं की वाईट? माहीत नाही. मुग्धा मॉक्स देत होती, बॉगवर जात होती. एकदा नुसतीच ऑफिसात येऊन बसली. म्हणाली, नाकारलं असतं तर एक दिवस रडले असते आणि संपलं असतं. आता रडायचं की नाही तेच कळत नाही. मी तिला चहा दिला. यावर गाइडन्सच्या डिप्लोमात काही शिकवलेलं नव्हतं.

मार्चच्या शेवटी उत्तर आलं. नाही. या वेळी पत्र स्पष्ट होतं. मुग्धाने ते आधी स्वतः वाचलं, मग मला दाखवलं, आणि मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. कारण दिलेलं नव्हतं. ती रडली, एकच दिवस. जूनमध्ये परीक्षा दिली. ऑगस्टमध्ये तिला लिमरिकची तिची पहिली पसंती मिळाली.

सप्टेंबरात सरनाईक तिला होस्टेलवर सोडून परत जाताना शाळेत डोकावले. उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, "त्या दोन ठिकाणी अर्ज गेला असता, तर झालं असतं का?"

"माहीत नाही."

"माझ्या समाधानासाठी तरी नाही म्हणा ना."

"म्हणता येणार नाही. खरंच माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले, आणि गेले. ते समाधानाने गेले की रागाने, तेही मला आजवर कळलेलं नाही.

गेल्या डिसेंबरात दुसरी एक मुलगी फोन घेऊन आली. तिला वेटलिस्ट केलं होतं. चांगलं की वाईट, तिने विचारलं. मी म्हणाले, मला माहीत नाही, खुर्ची घे, आधी आपण दोघी पत्र वाचू. तिचा चेहरा पडला. कौन्सेलरला माहीत नाही म्हणजे काय, असं तिला वाटलं असणार. वाटू दे. आमच्या धंद्यात न वाचता दिलेला धीर फार छान वाटतो, आणि तो बहुतेक सुट्टीच्या आदल्या दिवसांत दिला जातो.