लिंक दिली, शब्द दिला नाही

लग्न होऊन पोशीरला आले तेव्हा भात मी फक्त ताटात ओळखायचे. सासरे शेतात जे बोलायचे ते मी हळूहळू मोबाइलवर टिपत गेले, आणि पुण्याला संगणकाचं काम करणाऱ्या माझ्या भाचीनं त्याची एक साइट बांधून दिली. राब कसा भाजायचा, म्हणजे भाताचं रोप करण्याआधी पालापाचोळा पसरून जमीन कशी जाळायची, रोप कधी उपटायचं, कुठल्या बांधावर कुठली रानभाजी येते, असं सगळं.

दिवसा मी खालापूरला कचेरीत असते. संध्याकाळी घरी आले की सासऱ्यांना चहाच्या आधी कमेंटी हव्या असायच्या.

"आज कोण काय बोललं गं?"

मी वाचून दाखवायचे. 'अतिशय उपयुक्त माहिती. असेच लिहीत राहा.' आणि खाली एखाद्या फार्महाऊसची लिंक. राबाच्या लेखाखाली एकानं लिहिलं होतं, 'वाचून डोळ्यांत पाणी आलं. स्विमिंग पुलाच्या बंगल्यासाठी इथे क्लिक करा.'

सासरे गंभीर झाले. "धुरानं आलं असंल. त्याला कळव, राब पेटला की वाऱ्याच्या तोंडाला उभं राहू नये."

मी तसं उत्तरही लिहिलं.

भाचीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, "मामी, यातला एकही तुझा लेख वाचत नाही. तुझ्या साइटवर त्यांची लिंक दिसली की सर्चवाल्यांना वाटतं, ही बाई या माणसाची शिफारस करतेय. मग तो वर चढतो." यावर उपाय होता. लिंकला 'नोफॉलो' अशी खूण लावायची. लिंक दिसते, दाबली की उघडते, पण सर्चला कळतं की या माणसाच्या खात्रीचा आपण शब्द दिलेला नाही. तयार साइटींवर ही खूण आपोआप लागते. माझी घरगुती, म्हणून राहून गेली होती.

भाचीनं खूण लावली, आणि कमेंटींच्या वर तशी ओळही लिहिली. मग फार्महाऊसवाल्यांचं कौतुक आटलं. केस वाढवायच्या औषधांच्या कमेंटी आपोआप टाकणारी यंत्रं मात्र येतच राहिली, कारण ती वर लिहिलेलंही वाचत नव्हती.

"लोकं रुसली का गं?" सासरे विचारायचे. मी चहा ठेवायला उठायचे.

मग एका रविवारी नवऱ्याचा मावसभाऊ पेढे घेऊन आला. लोधिवलीकडे त्याचं भाड्यानं द्यायचं फार्महाऊस आहे. चहा होईपर्यंत त्यानं हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग म्हणाला, "वहिनी, तुमी माझ्या लिंकला कायतरी लावलंय."

"तुमच्या? तुमची कमेंट कुठे होती?"

तो जरा घुटमळला. "ते डोळ्यांत पाणी आलेलं... ते मीच."

खूण सगळ्यांनाच लावलीय, असं मी समजावलं. तो आणखीच दुखावला. "सगळ्यांना लावा ना. मी काय सगळ्यांतला? सर्चमधी मी पार खाली गेलोय. घरातलीच माणसं ओळख देत नाय म्हटल्यावर बाहेरचा कोण देणार?"

माझ्या एवढ्याशा साइटनं कोणाचं काही चढत नव्हतं की उतरत नव्हतं, पण हे सांगून त्याचं समाधान होईना. शेवटी सासरे म्हणाले, "शब्द द्यायचा तर आधी बघायला नको? चला."

आम्ही त्याच्याच गाडीतून गेलो. फाटकाशी प्लास्टिकचं गवत, आत तलाव, तलावाकाठी मोठी गाणी. आणि जेवणाच्या पडवीत भिंतभर छापलेला माझा राबाचा लेख, शब्द न् शब्द. वर ठळक अक्षरांत 'आमची शेती, आमची परंपरा'. शेजारी गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या सासऱ्यांचा फोटो, तोही माझ्याच साइटवरचा. लेख त्याच्या साइटवरही होता. राबाबद्दल शोधलं तर आधी तो यायचा, मग मी.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासरे फोटोसमोर उभे राहिले. टोपी सारखी केली. दोन पाहुण्या बाया फोटोकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघायला लागल्या. "आजोबा, हे तुम्हीच?" मग त्यांच्यासोबत मोबाइलवर फोटो निघाले. मावसभाऊ लगेच पुढे झाला, "आमचे काका!" आणि मला हळूच म्हणाला, "बघा वहिनी, मी कशी ओळख दिली."

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून सांगितलं, लेखाखाली निदान माझ्या साइटची लिंक द्या. त्यानं तत्परतेनं दिली. भाचीनं तपासलं तर नोफॉलोची खूण लावून दिलेली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "वहिनी, पद्धत तुमच्याकडूनच शिकलो."

सासऱ्यांना यातलं काही सांगितलं नाही. ते आता दर रविवारी तिकडे जातात आणि पाहुण्यांना बांधावरच्या भाज्या दाखवतात. मागच्या खेपेला मी विचारलं, तुमचं नाव तरी लिहिलं का त्यानं फोटोखाली?

"नावाचं ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "पाव्हण्यांसाठी भात बाहेरच्या तांदळाचा शिजवत व्हता तो. आजपासून आपला इकत घेतोय."