कोपऱ्याचा प्लॉट
काल नालीकडेला टाकलेल्या चुन्याच्या फक्कीचा वास आला आणि सत्तरच्या दशकातली तीर्थपुरीतली एक सकाळ आठवली. आम्ही नवरा-बायको तिथल्या शाळेत शिकवायचो. रस्त्याकडच्या एका रानाचे प्लॉट पडले होते, ते बघायला आम्ही दोघं गेलो होतो. काळ्या मातीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा होत्या आणि ज्वारीची धसकटं पायाला टोचत होती. "जल्दी करा, गुरुजी, दोन सालात भाव दुप्पट होतो," म्हणत जमीनमालकाने कोपऱ्याचा प्लॉट दाखवला. मी मनात स्वयंपाकघराची खिडकीही ठरवून टाकली. मग त्याने विचारलं, "तुमच्या गावी घर कोणत्या आळीत हाय?" मी सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत. त्याची नजर लगेच दुसरीकडे वळली. "हा प्लॉट तर कालच गेल्ता," तो म्हणाला. "आत्ता तर दाखवत होतात!" मी म्हणाले. "खरं सांगू का बाई, तुम्ही घेतला की बाजूच्या प्लॉटचा भाव पडतो. मला काही न्हाई, पण धंदा हाय." माझं डोकं सणकलं. मी चपलेनं त्या प्लॉटची रेघ पुसायला लागले. "बाई, हे काय करून राह्यल्या?" तो ओरडला. "तुमचा भाव पाडून राह्यले," मी म्हणाले. नवऱ्याने माझा दंड धरून मला मागे ओढलं आणि त्या माणसापुढे हात जोडले, "माफ करा, येतो आम्ही." पुढे ओढ्यापलीकडे आम्ही घर बांधलं, मुलं तिथेच वाढली, नवराही तिथेच वारला. त्या माणसावरचा माझा राग आजही तसाच आहे, पण नवऱ्याने त्याची मागितलेली माफी आठवली की त्याहून जास्त संताप होतो.