सेक्रेटरीची फोनमधली बाई

मोरीच्या ओल्या फरशीवर मी कुशीवर पडले होते. उजवा पाय वाकडा झाला होता आणि माझं ऐकत नव्हता. घरात कोणी नाही, दाराला आतून कडी. कानाशी धरलेल्या फोनमध्ये एक बाई गोड आवाजात सांगत होती, "पाण्याच्या तक्रारीसाठी एक दाबा. लिफ्टसाठी दोन दाबा. पार्किंगसाठी तीन दाबा. तातडीच्या मदतीसाठी चार दाबा. आपलं बोलणं रेकॉर्ड होत आहे." माझं मरण चौथ्या नंबरवर होतं, पार्किंगच्या मागे.

ही बाई आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने ठेवलेली. म्हणजे फोनमध्ये. त्याच्याइतका संशयी माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो याच्यावर नजर ठेवायला नेमलेला असेल. सिडकोतल्या आमच्या इमारतीत तो माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटा राहायचा. नवा भाडेकरू आला की त्याला तीन दिवस रोज एकच प्रश्न विचारायचा, उत्तर बदलतंय का ते बघायला. दूधवाल्याची पिशवी उन्हात धरून बघायचा. त्यात काय दिसतं ते त्यालाच ठाऊक. माझ्या नातवाच्या लग्नाची पत्रिका दिली, तर पठ्ठ्याने आधी हॉलवर फोन करून विचारलं, त्या दिवशी तिथे खरंच लग्न आहे का. मग आला आणि तीनदा श्रीखंड मागून घेतलं. मी म्हटलं, "सेक्रेटरी, श्रीखंड खरं आहे का बघताय?" तर म्हणाला, "आजी, पहिल्या वाटीत कळत नाही."

आयुष्यभर तो रेल्वेत होता, मनमाडच्या पुढच्या एका लहान स्टेशनवर मास्तर. तिथली एक रीत तो येईल त्याला सांगायचा. गाडी सोडायच्या आधी फाटकवाल्याला फोन करायचा, फाटक बंद कर म्हणून. फाटकवाल्याने नुसतं 'हो' म्हणून चालायचं नाही. त्याने आपल्याजवळच्या कागदावरचा एक नंबर मास्तरला सांगायचा. तो नंबर मिळाला तरच निरोप पोचला असं धरायचं, नाहीतर गाडी हलायची नाही. "हो म्हणायला काय लागतं, आजी? माणूस झोपेतही हो म्हणतो," असं तो म्हणायचा. यात मला काही चुकीचं वाटत नाही. पण सोसायटीत गाड्या सुटत नाहीत, हे त्याला कोणी सांगावं?

एकदा टाकी दोन दिवस कोरडी राहिली आणि मीटिंगमध्ये जो तो म्हणाला, मी सेक्रेटरीला फोन केला होता. सेक्रेटरी म्हणाला, मला एकही आला नाही. तिथून त्याने हे मशीन मनावर घेतलं. बंगलोरच्या मुलीकडून कॉम्प्युटर मागवला आणि चार महिने दार लावून बसला. मग मला बोलावून दाखवलं. पडद्यावर इंग्रजी शब्द होते, प्रत्येक शब्द दोन टोकदार कंसांत. एक शब्द म्हणजे 'बोल', एक म्हणजे 'जोड', एक म्हणजे 'रेकॉर्ड कर'. कोणी सोसायटीच्या नंबरवर फोन केला की फोनची कंपनी हा पडद्यावरचा कागद वरून खाली वाचते आणि लिहिलंय तसं करते. जो शब्द उघडला तो शेवटी बंद करायचाच. एक जरी उघडा राहिला तर फोन मुका होतो. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण एवढं कळलं. म्हटलं, "म्हणजे हुक लावायचे विसरलं की पोलकं उघडं." तो खूश झाला. मुलीला फोन करून म्हणाला, तुझ्या ऑफिसातल्यांपेक्षा आमच्या आजींना लवकर समजतं.

पण त्या कागदात त्याने स्वतःचा स्वभाव ओतला. बाईचा आवाज घेतला, कारण "माझा आवाज ओळखला की लोक फोन कापतात." मशीनने लोकांना फोन करायचा तो वेगळ्याच नंबरवरून, कारण "ओळखीचा नंबर दिसला तर उचलत नाहीत." तातडीची मदत चौथी ठेवली, कारण पहिली ठेवली तर लोक लिफ्टसाठीही तीच दाबतील. तातडीचे फोन तिघांना जायचे, एकाने नाही घेतला तर दुसऱ्याला: तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई, दुसऱ्या मजल्यावरचे गुरुजी, आणि माझ्या समोरची शिलाईवाली. त्याचा स्वतःचा नंबर त्यात नव्हता. "लोक मला छळायला मुद्दाम चार दाबतील." आणि उचलणाऱ्याने नुसतं हॅलो म्हणून भागायचं नाही, त्याने एक दाबायचा. एक दाबला तरच जोड. तो दुपारी जेवून कानाला हेडफोन लावायचा आणि दिवसभराचं सगळं रेकॉर्डिंग ऐकायचा, आपल्याबद्दल कोण काय बोललं ते बघायला. सटाण्याची माझी बहीण एकदा चुकून त्या नंबरला लागली आणि बाईवर अहिराणीत ओरडली, "काय शे ते सांग, एक-दोन नको सांगू!" ते त्याने मला चार वेळा ऐकवलं.

त्या दिवशी मुलगा अंबडच्या कारखान्यात होता, तिथे फोन गेटवर काढून ठेवतात. सून सटाण्याला गेली होती. चष्मा बाहेर टीव्हीवर. माझा बटणांचा फोन कमरेच्या पिशवीत असतो, त्यात पाचचं बटण दाबून धरलं की सोसायटीला लागतं, तेही सेक्रेटरीनेच करून दिलेलं. मी चार दाबला. बाई म्हणाली, "आपलं नाव आणि फ्लॅट नंबर सांगा." मी नाव सांगितलं नाही. मी म्हटलं, "सेक्रेटरी, तुमच्या बाईला आग लागो, मी मोरीत पडलेय, पाय मोडलाय!" बाई धन्यवाद म्हणाली.

मग तिने तिघांना फोन केले, हे मला नंतर कळलं. प्रत्येकाला म्हणाली, "सोसायटीतील एक सदस्य अडचणीत आहेत. बोलण्यासाठी एक दाबा." तिघांनीही फोन कापला. शिलाईवालीने तर वर दोन शिव्या दिल्या. त्यांचं काय चुकलं? दोनच आठवडे आधी लिफ्टशेजारी कागद लागला होता: अनोळखी नंबरवरून कोणी अडचणीत असल्याचं सांगून आकडा दाबायला सांगितलं तर दाबू नका, फसवणूक होते. खाली सही सेक्रेटरीची.

बाई मला म्हणाली, "सध्या कोणीही उपलब्ध नाही." आणि गेली. मी दोनदा परत लावला. दोनदा तेच. मग माझे हात गार पडायला लागले आणि शिव्याही सुचेनात. मला वाटलं, संपलं आता. संध्याकाळी मुलगा येईल आणि दार तोडेल.

दीड तासाने फोन वाजला.

"आजी, सेक्रेटरी बोलतोय. रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज तुमचा आहे का?"

"माझाच."

"काय झालं ते परत सांगा."

"पडलेय. मोरीत."

"फ्लॅट नंबर?"

"तुमच्या पायाखालचा, मेल्या!"

त्याचे पाय जिन्यावर वाजले ते मला आतून ऐकू आले. पण लगेच दार तोडील तर तो सेक्रेटरी कसला! एकटी म्हातारी, बंद घर, उद्या कोणी म्हणेल कपाट उघडं होतं. त्याने आधी त्याच तिघांना गोळा केलं. बाहेर तो ओरडत होता, "बघा सगळ्यांनी, कडी मी तोडतोय, दोन वाजून चाळीस मिनिटं झालीत!" गुरुजी म्हणाले, "अहो तोडा, सुनावणी नंतर!"

दवाखान्यात नेताना तो गाडीत माझ्याशेजारी बसला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हळूच म्हणाला, "आजी, तिघांना निरोप पोचला होता. एकानेही एक दाबला नाही." मी म्हटलं, "तुम्हीच कागद लावला होता." तो म्हणाला, "हो. ते मी धरलंच नाही." एवढं कबूल करताना मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. महिनाभर तो रोज चारला दवाखान्यात यायचा. माझ्या गोळ्या मोजायचा आणि नर्सला विचारायचा की कालची गोळी पांढरी होती, आजची पिवळी का?

गेल्या वर्षी मुलीने त्याला बंगलोरला नेलं. जायच्या आधी त्याने सगळी रेकॉर्डिंगं कमिटीसमोर पुसली. माझी ती तीन मात्र ठेवली. म्हणाला, "ही पुसायला तुमची लेखी परवानगी लागेल." मी दिली नाही. आता सोसायटीचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. नवा सेक्रेटरी फार चांगला माणूस आहे, सगळ्यांवर विश्वास ठेवतो. माझ्या डोक्यावर आता कोणी चालत नाही. दुपारी जेवण झालं की मी छताकडे बघते, मग माझं मलाच हसू येतं.

डॉक्टर म्हणाले होते, या वयात खुब्याचं हाड मोडलं की बरेच जण वर्ष काढत नाहीत. मला चौथं वर्ष लागलंय. मी जिवंत आहे.