उंच होत गेलेली जीप

दुपारी वाळलेल्या कुरडया गोळा करायला गच्चीवर गेले की आधी नाकाशी येतो तो तापलेल्या रबराचा वास. जळगावच्या वैशाखात पत्रा, सिमेंट, माणसं, सगळंच तापतं. पण आमच्या पाण्याच्या टाकीमागे ताडपत्रीखाली चार भलेमोठे टायर पडून आहेत, ते उन्हात असा काही उग्र दर्प सोडतात की कुरडयांनाही तो लागेल की काय अशी धास्ती वाटते. भंगारवाल्याला देऊन टाक, असं मी नवऱ्याला सांगत नाही. तोही विषय काढत नाही. घरात काही वस्तू अशा असतात की त्या अडगळ आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी त्यांना हात लावायला कुणी धजत नाही.

जीप घरी आली तेव्हा ती अगदी बेताची, बसकी होती. एका ठेकेदाराने दहा ठिकाणी वापरून, उन्हात उभी करून कंटाळून विकलेली. रंग उडालेला, हूड फाटलेलं, एक दार दोरीने बांधलेलं. मेहरूणच्या आमच्या गल्लीत ती धापा टाकत शिरली तेव्हा शेजारणीने मला विचारलं, "ही चालती का ढकलायची?" मीही हसले. पण माझ्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, त्या ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आल्या. चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि कुणी बोलवायच्या आत पुढच्या सीटवर चढून बसल्या. गाडी घेतली होतीच मुळी त्यांच्यासाठी.

अक्कांचं माहेर भडगावपलीकडे, गिरणेच्या काठाला. धाकटा भाऊ गावात राहत नाही, नदीपलीकडच्या मळ्यात राहतो. पुलावरून फेरा मारून गेलं तर पुढे नाल्याने रस्ता तोडलेला. म्हणून माणसं उन्हाळ्यात सरळ कोरड्या पात्रातून जातात. आणि अक्कांना जायचं असे ते उन्हाळ्यातच, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. खानदेशात लेकीबाळींचं सगळं माहेरपण त्या सणात साठवलेलं असतं. वर्षभर राबलेली बाई त्या दिवशी झोक्यावर बसते, भावजयीच्या हातची खापरावरची पुरणपोळी आमरसाशी खाते आणि तिला कुणी ऊठ म्हणत नाही. अक्कांच्या केसांत एक काळा उरला नव्हता, तरी आखाजीच्या आधी आठवडाभर त्यांच्या चालण्यात फरक पडायचा. मला त्याची गंमत वाटायची आणि, खरं सांगते, थोडा हेवाही.

पहिल्याच वर्षी जीप वाळूत रुतली. पात्राच्या मधोमध चाकं फिरत राहिली आणि गाडी खोल जात राहिली. अक्का उतरल्या, चपला हातात घेतल्या आणि उरलेली नदी चालत गेल्या. त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला मात्र ते फार लागलं. आपली गाडी असताना आईला वाळू तुडवावी लागली, हा सल त्याच्या मनात जो बसला तो निघेना. तिथून सगळं सुरू झालं.

आमचं घर दोन मास्तरांच्या पगारावर चालणारं. त्यात जीपची हौस म्हणजे चिंध्या जोडून गोधडी शिवण्यातला प्रकार. एकदम काही व्हायचं नाही. एका वर्षी रुंद टायर आले, त्या वर्षी आमचा जुना फ्रीज आणखी एक उन्हाळा खोकत राहिला. टायर मोठे म्हणून ते घासू नयेत यासाठी चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी उचलावी लागली. गाडी उचलली म्हणून शॉकअप बदलावे लागले. सुट्टीच्या दिवशी तो धुळ्याला जाई, महामार्गालगतच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून उन्हातान्हात फिरे, आणि संध्याकाळी हातांना काळं फासून एखादा लोखंडी तुकडा असा घेऊन येई की जणू सोनगीरचा किल्ला सर करून आला. "आता वाळूची काय बिशाद!" तो म्हणायचा. मी म्हणायचे, "नाकापेक्षा मोती जड झालाय." तो हसून पान्हे पुसायला लागायचा. त्याच्या त्या काळवंडलेल्या, आनंदी तोंडाकडे बघून माझा राग विरघळून जायचा, आणि फ्रीज उघडला की पुन्हा यायचा.

गाडी देखणी झाली, नाकारण्यात अर्थ नाही. गल्लीतली पोरं तिच्याभोवती घुटमळत. फक्त अक्कांना तिच्यात चढता येईना. सीट त्यांच्या छातीशी आली होती. त्या आखाजीला आम्ही पाट ठेवला, पाटावर पाय देताना तो कलला, आणि माझ्या नवऱ्याने घाईघाईने आईला मागून धरून वर उचललं. सगळी गल्ली दारात उभी होती. अक्का त्याच्या हातांतून सुटून खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि एवढंच म्हणाल्या, "माले गोणीनी गत उचलू नको रे." मग घरात गेल्या आणि गुडघा दुखतो म्हणून आडव्या झाल्या.

त्यानंतर दर आखाजीला त्यांचा गुडघा दुखू लागला. नवऱ्याने ठरवलं, दाराखाली पायरी लावायची. पण साधी नको. दार उघडलं की आपोआप खाली येणारी, भक्कम, गाडीला शोभेल अशी. तिचे नमुने काढले, मोजमापं झाली. आणि दरवेळी मध्येच रेडिएटर गळायचा, नाहीतर क्लच जायचा, आणि पायरीचं घोंगडं भिजतच राहायचं. दुसऱ्या कुणाची गाडी ठरवू या, असं मी दोनदा सुचवलं. तर त्याचा चेहरा इतका पडला की अक्काच मध्ये पडल्या, "ऱ्हाऊ दे वं. मना गुडघा दुखतस." तिकडे भाऊ दम्याने थकत चालला होता, त्याचं बसने येणं कधीच सुटलं होतं. फोनवर दोघं पाऊसपाणी आणि आंब्याच्या मोहोराविषयी बोलत. मी भाजी निवडत ऐकत असे आणि मनातल्या मनात जळत असे. आईच्या वाटेवर वाळू लागू नये म्हणून हा माणूस झटत होता, आणि त्याच झटण्याने तिची वाट बंद झाली होती. दोष कुणाला द्यावा? प्रेमाला दोष देता येत नाही, आणि प्रेम आहे म्हणून होणारी घुसमटही थांबत नाही.

मग गाडीचं वय झालं आणि फेरनोंदणीची वेळ आली. उचललेली गाडी पासिंगला चालत नाही; ती मुळात जशी होती तशी करून न्यावी लागते. नवऱ्याने एका मित्राच्या पडून राहिलेल्या जीपचे पाटे आणि चाकं उसनी आणली. वर्षानुवर्षं जोडलेलं सगळं त्याने एका सकाळी सोडवलं. एकेक नट तो पुसून डब्यात ठेवत गेला. पासिंग होऊन गाडी दारात उभी राहिली ती पुन्हा बसकी, साधी, थोडी वेंधळी. अक्का कैरीचं लोणचं उन्हात ठेवायला बाहेर आल्या होत्या. बरणी हातात तशीच धरून त्यांनी विचारलं, "गाडी खाल उनी का रे?"

"चार दिवसपुरती, अक्का. मंग परत उचलनी शे."

"मंग आजच चाल," अक्का म्हणाल्या. "मना भाऊकडे चाल." बरणी त्यांनी माझ्या हातात दिली, दार उघडलं आणि चढून बसल्या. आखाजीला अजून अवकाश होता. मी घराला कुलूप लावून मागे बसले.

गिरणेच्या पात्रात जीप रुतली. रुतणारच होती. नवरा फावडं घेऊन चाकाखालची वाळू उपसायला लागला, घामाने निथळत, स्वतःवर चरफडत. अक्का सहज पाय टाकून खाली उतरल्या आणि चालू लागल्या. मी त्यांच्या मागे. समोरच्या काठावर बाभळीखाली त्यांचा भाऊ काठी टेकून उभा होता. इंजिनाचा आवाज ऐकून आला असावा. तोही दोन पावलं वाळूत उतरला, दम लागून थांबला. अक्का त्याच्यापाशी पोचल्या तेव्हा तो म्हणाला, "कितला वरीस व्हयी गयात, अक्का. तुना गुडघा बरा शे ना?"

"गुडघाले काय व्हयेल नही रे," अक्का म्हणाल्या. "गाडी उच्ची व्हयी गयथी."

उघड्या नदीत आवाज लांबवर जातो. मी वळून पाहिलं. नवऱ्याच्या हातातलं फावडं थांबलं होतं. तो गाडीला टेकून उभा राहिला आणि बराच वेळ त्याने मान वर केली नाही. मला त्याची फार दया आली. इतकी की वर्षानुवर्षं साठवलेलं एकही वाक्य मला बोलवेना. त्या संध्याकाळी भावाने कडुलिंबाला झोका बांधायला लावला, सणाआधीच. अक्का बसल्या, भावाने काठीनेच हलकं ढकललं, आणि दोघं म्हातारे खोकत खोकत हसत राहिले.

उसनी चाकं परत गेली, पण त्यांच्या जागी नवऱ्याने तशीच जुनी, लहान चाकं शोधून आणली. गाडी पुन्हा उचलली गेली नाही. ते माहेरपण शेवटचं ठरलं. पोळ्याच्या सुमारास भाऊ गेला.

गेलेल्या वर्षांचं काय करायचं, हे मला अजून उमगलेलं नाही. लोखंड सोडवता येतं, बदलता येतं, मूळपदावर आणता येतं. माणसांचे सण असे परत जोडता येत नाहीत. आणि तरी त्या दोघांना एक दिवस मिळाला, हेही खरंच आहे. कधी मी त्या एका दिवसाचे आभार मानते, तर कधी त्याच दिवसामुळे मला गेलेली वर्षं जास्त बोचतात.

परवा आखाजी झाली. भडगावचं नाव घरात कुणी काढलं नाही. मी खापर तापवत होते. अक्कांनी अंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि बाहेर जाऊन जीपमध्ये बसल्या. खिडकीतून मला दिसलं, नवरा घाबराघुबरा होऊन गेला.

"कोठे जानं शे, अक्का?"

"कोठेच नही. बसू दे."

तो थोडा वेळ दाराशी घुटमळला. मग वळसा घालून पलीकडून चढला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांच्या शेजारी बसला. त्याने किल्ली लावली नाही. अक्का म्हणाल्या, "औंदा नदीले पानी सोडेल व्हयी."

"व्हयी," तो म्हणाला.

गाडी जागच्या जागी उभी होती, आणि ती दोघं समोर बघत होती, वाटेवर नीट लक्ष ठेवून.