ती थप्पड झालीच नव्हती

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास संगमनेरच्या आमच्या कॉलेजातील एका विद्यार्थिनीने स्नेहसंमेलनात सेक्रेटरीच्या थोबाडीत मारली, असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. साफ खोटे! मी तिचा प्राध्यापक, पहिल्याच रांगेत बसलो होतो.

ती राहात्याकडची. "सर, एक बोलू का?" असे विचारायची आणि परवानगीची वाट न पाहता बोलू लागायची, तेही तांदळातले खडे वेचावेत इतक्या सावकाश.

त्या वर्षी कालव्याच्या वाटेवर कॉलेजातल्याच एकाने तिच्या मैत्रिणीच्या अंगावर हात टाकला होता. संमेलनात फिशपाँडच्या, म्हणजे निनावी टिंगलीच्या, चिठ्ठ्या वाचताना सेक्रेटरीने नेमकी त्या मुलीवरची उचलली: "कालव्यावर फिरणाऱ्या राणीला एक सोबती भेट!" सभागृह खदखदून हसले. त्याच मुलीचे कॉलेजातून नाव काढून तिला घरी न्यायला आलेले तिचे वडील दाराशी उभे होते.

ही राहात्याकडची शांतपणे मंचावर गेली. "एक बोलू का? तीच चिठ्ठी पुन्हा वाच. सावकाश."

त्याने वाचली. या खेपेस कोणीही हसले नाही.

"आता का हसू येत न्हाई? फरफटत नेत हुता तिला. वरडली म्हनून सुटली. उद्यापास्नं आमी पोरी वर्गावर्गांत येऊन हेच सांगनार हाय. ऐकायचं."

मग ती दाराकडे वळली. "काका, चूक त्याची हाय. कालिज हिचं का सुटावं?"

वडील गावी एकटेच परतले.

थप्पड ही सांगणाऱ्यांची सोय आहे. थपडेने एकाचाच गाल लाल झाला असता.