उलटे खिसे

आखातातल्या घुब्र्यात आमच्या इमारतीखाली एक काळासावळा बांगलादेशी रोज गाड्या धुवायचा. मीच घासाघीस करून ठरवलेला; मला 'अर्बाब', म्हणजे मालक, म्हणायचा. आरसे तो स्वतःच्या गमछ्याने पुसायचा.

एकदा माझा मोबाइल सापडेना. शेजारचा गोरा साहेबही तिथेच उभा होता, पण मी ओरडलो याच्यावर, "पोलिसांना बोलावू?"

त्याने खिसे उलटे केले आणि चपला काढल्या. "चप्पल भी देखो, अर्बाब. सब भूल जाते हैं."

मोबाइल माझ्याच सीटखाली निघाला.

पूर्वी एकदा एका मॉलच्या गार्डने गोऱ्यांना सोडून माझीच पिशवी उपसली होती. तो अपमान मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलो. त्या दिवसापासून तो किस्सा सांगत नाही.

मोबाइल सापडला त्याच्या दुसऱ्या सकाळी तो माझी गाडी धूत होता, खिसे आधीच उलटे करून.